टोकण

शारजात आमचा कॅम्प ज्या भागात आहे
त्याचं नाव सजा.
अरबीत त्याचा अर्थ काय, कुणाला विचारलं नाही.
आमच्याकडे तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणतात,
म्हणून पहिल्याच रात्री हसू आलं होतं:
विमानाने येऊन पुन्हा तलाठ्याच्याच दारात.

सुट्टीच्या दिवशी वरच्या खाटेवरून शिजू उतरला.
म्हणाला, मेस्त्री, दुबईतला तुमचा टॉवर विकायला काढलाय,
तुकड्या-तुकड्यांनी.
माझा टॉवर म्हणजे
ज्याच्या एकतिसाव्या मजल्यावर
मी चार महिने गुडघ्यांवर काढले.
३१०४ नंबरच्या फ्लॅटची आता चार हजार टोकनं,
एकेक पाचशे दिरहमला.

माझ्या वाट्याला कुठला तुकडा?
बाल्कनी? बेसिनखालचा कोपरा?
कुठलाच नाही, शिजू म्हणाला, सगळीकडचा थोडा थोडा.
म्हणजे सामायिक सातबारा.
तो मला कळतो.
आमचा अठरा नावांचा आहे,
त्यातली सात वारली, तरी उताऱ्यावर जिवंत.

इथे तलाठीच नाही, तो म्हणाला.
वही कुणा एकाच्या कपाटात नसते,
तीच वही हजार ठिकाणी,
एकाने खोडलं तर बाकीच्या नऊशे नव्याण्णव बोंब मारतात.
काळ्या दगडावरची रेघ, मी म्हटलं.
आणि रेघेचं मला सांगू नकोस,
अर्धं आयुष्य दोरी ताणण्यात गेलंय.

घेतलं एक.
महिन्याला अडीच दिरहम भाडं येतं,
दोन करक चहा आणि वर पन्नास फिल्स.
गेटवरचा पहारेकरी मात्र आत सोडेना.
मी मालक आहे, म्हटलं.
पोखऱ्याचा पोरगा. हसला.
म्हणाला, असे रोज तीन येतात.

दुसरं टोकन मी मागितलं नव्हतं.
ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी पाठवलं,
परीक्षेत दहा फुटी भिंतीत
एकाच मिलीमीटरचा फरक निघाला, त्याचं.
कागद नाही, फ्रेम नाही,
फोनमध्ये फक्त नोंद:
मनोहर धाकू गोरिवले, हा माणूस फरशी सरळ लावतो.
हे विकता येत नाही. कुणाला देता येत नाही,
सावकाराकडे ठेवता येत नाही,
चोरलं तरी चोराला फरशी लावता यायची नाही.
मग हे नाणं कसलं?

आजवर घेतलेलं प्रत्येक टोकन परत द्यायचं होतं.
बँकेतलं पितळी,
दवाखान्यातलं, घामाने मऊ झालेलं पुठ्ठ्याचं,
मेसचं निळं प्लास्टिकचं, हरवलं तर एक जेवण कापतात.
हे कुणी परत मागत नाही.
रात्री दोनदा उठून बघितलं,
आहे ना.

घरी फोन केला, दोन टोकनं झाली म्हटलं.
सुगंधा म्हणाली, काय टोकलंत? वाल की पावटे?
तिचा दिवसच तसला.
भात निघालेलं, जमिनीत ओल होती,
सकाळपासून वाकून वाल टोकत होती:
काठीने भोक, दोन दाणे, पायाने माती.
म्हटलं, अगं तसं नाही.
मग कसं, ते काही सांगता येईना.
दोन टाकलेत ना, ती म्हणाली,
बरं केलंत. एक किड्याचा धरायचा.

३१०४ च्या न्हाणीत दारापासून तिसऱ्या फरशीखाली
माल ओला असताना
मी खिळ्याने "सु" लिहिलंय.
त्या हजार वह्यांत ते नाही.
शिजूलाही सांगितलं नाही.

तिला नोंदीखालचा चौकोन पाठवला,
तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, कॅमेऱ्याने वाचायचा.
बराच वेळ उत्तर नाही. दिवे गेले असतील, वाटलं.
मग आलं:
ह्या फरश्या कुणी लावल्या?
तुम्ही नाही.
रांग चुकलीय.